कोण कोणाला लागतं

हिऊमा बेटावर जानेवारीत
दुपारी चारलाच अंधारतं.
बंदराच्या कचेरीत मी आणि एक सर्व्हर,
दोघंही घरघरणारे.
डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली.
काहीतरी काढायलाच हवं होतं.

यादी चाळताना एक जुनी लायब्ररी हाती लागली,
बारा वर्षांत कुणी न उघडलेली.
तिला काय काय लागतं
ते तिच्या कपाळावरच लिहिलेलं.
ती कोणाला लागते
हे मात्र तिचं तिलाही ठाऊक नसतं.
त्यासाठी बाकी सगळ्यांची दारं वाजवावी लागतात.

'डिपेंड्स'च्या आधी एक 'आर' लावायचा,
एवढ्याने प्रश्न पाठमोरा होतो.
पुढे 'इन्स्टॉल्ड' जोडायचं,
नाहीतर या यंत्रात कधी न राहिलेलेही
पुढे येऊन सांगू लागतात, आमची लागते ती,
लग्नात ओळख काढणाऱ्या माणसांसारखे.

दोन नावं आली.
एकाच्या आधी उभी रेघ,
म्हणजे ही नसली तर दुसरी चालेल त्याला.
दुसरं प्रिंटरचं,
आणि प्रिंटर तर टोइवोने कधीच मोडीत घातलेला.
म्हणजे कोणी नाही.
तरी मी आधी नुसतं नाटक करायला लावलं:
काढल्यासारखं कर, काढू नकोस,
काय काय पडतं ते सांग.
दोन जातील, म्हणाला. बाकी सगळं जागच्या जागी.
मी एंटर दाबलं. मग कॉफी, मग घर.

सकाळी सव्वासहाला फोन.
लेंबी ताम्मेर, हेल्टरमाच्या काठावरून:
"आज बर्फ बोललं नाही."

हेल्दुरने नोकरी सोडण्याआधी
चौतीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती,
हाताने, कुठल्याशा फोल्डरात, पॅकेज न करता.
समुद्रात रोवलेल्या सळईवरून
ती बर्फाची जाडी वाचते
आणि फोन करणाऱ्याला सांगते:
आज सव्वीस सेंटिमीटर.
हळू चालवा. मध्ये थांबू नका.
सीटबेल्ट सोडून बसा.

तिला ती लायब्ररी लागायची.
तिने कधी सांगितलं नव्हतं,
आणि मी विचारलं होतं फक्त त्यांना
ज्यांची नावं आधीच वहीत होती.

"थांबते मी," लेंबी म्हणाली,
"गाडीत लोकर आहे, लोकर नासत नाही."
मागे इंजिन चालूच होतं.
त्या बर्फावर ती पन्नास हिवाळे गेली आहे,
डोळ्यांनी जाडी ओळखते असं लोक म्हणतात.
तरीही रोज फोन करते.
मी कारण विचारलं नाही.

लायब्ररी परत घातली. नऊ सेकंद.
जागेसाठी जुने लॉग पुसले,
जे काल दुपारीच सुचायला हवं होतं.

मग हेल्दुरच्या स्क्रिप्टपायी
एक रिकामं पॅकेज बांधलं.
आत फाइल नाही, कोड नाही,
एकच ओळ: मला ही लागते.
सांभाळणाऱ्याच्या रकान्यात त्याचंच नाव घातलं.
पत्ता कोणता द्यावा कळेना,
तो गेल्याला दोन वर्षं झाली.
बंदराचाच दिला.

उलटा प्रश्न पुन्हा विचारला.
पुन्हा दोनच नावं.
एक रेघेआडून, हो-नाही करणारं,
आणि प्रिंटरच्या जागी हेल्दुर.

फोनची लाइन लागल्याचा हिरवा दिवा लुकलुकला.
सत्तावीस, म्हणाला सर्व्हर,
त्याच्या त्या सर्दी झालेल्या आवाजात.
लेंबीने बेल्ट सोडला असेल.